झील धरणारी माणसं

मँचेस्टर शहरात विल्ब्रॅहम रोड नावाचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन होतं. मे १९६४ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या लोकांनी त्याच्या एका फलाटावर अमेरिकेच्या दक्षिणेतल्या स्टेशनाचा देखावा उभा केला आणि समोरच्या फलाटावर तरुण श्रोते बसवले. मधे रूळ. घोडागाडीतून सिस्टर रोझेटा थार्प उतरल्या. वय एकोणपन्नास, अंगात लांब कोट. आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट नावाच्या गावी जन्मलेली, चर्चमध्ये गात वाढलेली ही बाई. तेवढ्यात पाऊस आला होता, म्हणून त्यांनी पावसाचंच एक भक्तिगीत धरलं. पांढरी इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवली आणि ओल्या फलाटावर उभं राहून अशी वाजवली की समोरची पोरं टाळ्यांचा ताल धरून बसली ती शेवटपर्यंत.

ही चित्रफीत मी केजच्या, गेवराईच्या, परळीच्या कितीतरी माणसांना पाठवली आहे. गॉस्पेल म्हणजे काळ्या अमेरिकन माणसांचं चर्चमधलं गाणं आणि सोल म्हणजे तोच गळा चर्चच्या पायऱ्या उतरून बाजारात, नाचघरात, मोर्च्यात आला तेव्हा झालेलं गाणं, एवढं खाली लिहिलं की पुरतं. बीड जिल्ह्यातल्या माणसाला त्याहून जास्त समजावून सांगावं लागत नाही. सप्ताहात रात्रभर उभं राहिलेल्या आणि चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत चाललेल्या माणसाला देवाचं गाणं कुठं संपतं आणि हक्काचं गाणं कुठं सुरू होतं, असा प्रश्न पडत नाही.

पण पाठवताना एक गोष्ट मी कटाक्षाने करते. कोण गातंय, कुठं, कधी, आणि मागे कोण वाजवतंय, झील कोण धरतंय, जेवढी नावं पक्की मिळतील तेवढी खाली लिहिते. रोझेटा थार्प १९७३ मध्ये फिलाडेल्फियात वारल्या आणि कित्येक दशकं त्यांच्या कबरीवर नावाचा दगड नव्हता. पुढे चाहत्यांनी कार्यक्रम करून पैसे जमवले तेव्हा तो बसला. ज्या बाईकडे बघून पुढच्या पिढीचे रॉक वाजवणारे गिटार शिकले, तिची ही गत. मग तिच्या मागे उभ्या असलेल्यांचं काय झालं असेल?

हा प्रश्न माझ्यामागे माझ्या मामांनी लावला. मामा केज तालुक्यातले, मिसरूड फुटलं तेव्हापासून टाळकरी. त्यांना एका संध्याकाळी अंगणात बसून अरेथा फ्रँकलिनचं चर्चमधलं गाणं दाखवलं. १३ आणि १४ जानेवारी १९७२, लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागातलं न्यू टेम्पल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. ती इमारत आधी सिनेमाचं थिएटर होती. दोन रात्री अरेथा तिथं गायल्या, ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली आणि अफाट खपली. सिडनी पोलॅकने त्या दोन्ही रात्री चित्रितही केल्या होत्या, पण शॉटच्या सुरुवातीला पाटी वाजवायची राहून गेली. त्यामुळे कुठला आवाज कुठल्या चित्राला जोडायचा ते कळेना आणि डबे तसेच पडून राहिले. नव्या तंत्राने आवाज आणि चित्र जुळलं, तरी चित्रपट लोकांसमोर आला तो २०१८ मध्ये, अरेथा गेल्यानंतर.

मामांनी चष्मा पुसून फोन हातात घेतला. मला वाटलं ते गळ्याबद्दल बोलतील. ते बघत होते मागच्या गायकवृंदाकडे, चंदेरी जाकिटं घालून बसलेल्या तरुण पोरापोरींकडे.

"बाई, ह्या मागच्यांकडं बघ. तिच्या आधी कुणीच उठंना. तिला वर जाऊ दिलं, मग उठले."

मी परत मागे नेऊन बघितलं. खरंच तसं होतं. वृंदाचे प्रमुख अलेक्झांडर हॅमिल्टन हाताने अडवून धरतात आणि मग एका क्षणी सोडतात.

"आपल्याकडचे नवे पोरं महाराजाच्या आधीच चाल उचलायलेत," मामा म्हणाले. मग थोड्या वेळाने विचारलं, "वाजवणारा कोन हाय?"

मी शोधून सांगितलं : ड्रम्सवर बर्नार्ड पर्डी. बास गिटारवर चक रेनी, गिटारवर कॉर्नेल डुप्री, पियानोवर रेव्हरंड जेम्स क्लीव्हलँड. मामांनी 'पर्डी' हे नाव दोनदा उच्चारून बघितलं आणि म्हणाले, आता परत लाव, ह्या वेळी मी फक्त त्यालाच ऐकतो. पुढचा अर्धा तास त्यांनी अरेथा फ्रँकलिनकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या रात्रीच्या चित्रणात अरेथाचे वडील, रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन, पुढच्या बाकावर येऊन बसतात. शेजारी क्लारा वॉर्ड, जिच्या गाण्यावर अरेथाचं बालपण पोसलं. मुलगी पियानोवर बसून गाते आहे, चेहऱ्यावर घामाच्या धारा, आणि बाप उठून रुमालाने तिचं तोंड पुसतो. ती गाणं थांबवत नाही. ध्वनिमुद्रिकेत हे नाही. ती जवळजवळ पन्नास वर्षं घराघरात वाजत होती आणि हा रुमाल कुणाला माहीत नव्हता. गाण्याचं चित्रण का जपायचं याला मला याहून मोठं कारण सापडत नाही. आवाज एकट्याचा वाटू शकतो. चित्रात बाप दिसतो, गुरू दिसते, आधीच्या रात्री पियानोवर बसल्या बसल्या हुंदके देत उठून गेलेला क्लीव्हलँड दिसतो. त्या दोन रात्री गाणं त्या सगळ्यांनी मिळून केलं होतं.

वारकरी कीर्तनात उभं राहिलं की हे अंगात भिनतं. महाराज पुढे, गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, बाजूला मृदंगाचार्य, आणि मागे टाळकऱ्यांच्या ओळी. महाराज प्रमाण सुरू करतात आणि अर्ध्यावर सोडून देतात, उरलेलं मागचे उचलतात. महाराजांचा घसा बसला तर मागचे आणखी दोन आवर्तनं लांबवतात, कुणाला कळतही नाही. चर्चमध्येही असंच चालतं. पास्टर एक वाक्य बोलतो, बाकांवरून हुंकार येतो, तो हुंकार किती जोरात आला त्यावर पुढचं वाक्य ठरतं. गोंधळ्याच्या मागे, शाहिराच्या मागे जे झील धरतात त्यांना आपल्याकडे झीलकरी म्हणतात, आणि जाहिरातीत त्यांची नावं 'आणि पार्टी' या दोन शब्दांत उरकली जातात. कॅसेटच्या काळातही तेच झालं. मोठ्या अक्षरात गायक, मग कवी, मग संगीतकार, आणि कोरस म्हणजे कोण हे कुठंच नाही.

एका साथीदाराचं नाव मात्र आमच्या जिल्ह्याने देशाच्या यादीत पोचवलं. अंबाजोगाई तालुक्यातल्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर. ज्ञानेश्वरांचं आपेगाव ते वेगळं, पैठणकडे गोदाकाठी आहे. शंकरबापूंना पखवाजासाठी १९८६ मध्ये पद्मश्री मिळाली. पुढे उद्धवबापू आपेगावकरांनी तो पखवाज चालू ठेवला. एका खेड्यातल्या पखवाजियाला, म्हणजे ज्याची जागा रिवाजाने गायकाच्या बाजूला असते त्याला, हा मान मिळाला याचा आमच्या भागातल्या भजनी मंडळांना केवढा आधार वाटला असेल! पखवाज वाजवणाऱ्या माणसाच्या बोटांपेक्षा त्याचे डोळे बघावेत. गाणाऱ्याच्या ओठांवर ते खिळलेले असतात. ध्वनिमुद्रणात पखवाज ऐकू येतो, ते बघणं ऐकू येत नाही.

ते बघणं टिपू शकणारं मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्याच्या आदल्याच वर्षी महालिया जॅक्सन भारतात येऊन गेल्या होत्या. वॉशिंग्टनच्या १९६३ च्या मोर्च्यात मार्टिन ल्यूथर किंग भाषण करत असताना शेजारून ओरडून 'त्यांना स्वप्नाबद्दल सांगा' असं सुचवणारी ती हीच गायिका. कोलकाता, दिल्ली, मद्रास आणि मुंबई या चार शहरांत त्या गायल्या आणि दिल्लीत इंदिरा गांधींनी त्यांना ऐकलं. जानेवारी १९७२ मध्ये त्या वारल्या. मुंबईत त्या गायल्या तेव्हा मुंबईत टीव्ही यायचा होता. थोडक्यात चुकामूक झाली. दोन वर्षं इकडेतिकडे झालं असतं तर वरळीच्या स्टुडिओत महालियांचं एखादं भजन टिपलं गेलं असतं, असं माझ्या मनात पुन्हा पुन्हा येतं.

आणि टिपलं असतं तरी ते राहिलं असतं का? फीत महाग होती. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात एकदा कार्यक्रम झाला की त्याच फितीवर दुसरा घ्यायची रीत होती. इंग्लंड-अमेरिकेतही हेच झालं, श्रीमंत वाहिन्यांनीही हेच केलं. जे उरलं त्यालाही हवेतला ओलावा लागतो, फितीवरचा लेप चिकट होतो आणि यंत्रात घातली की फीत अडकते, सोलते. मग ती मंद आचेवर कित्येक तास तापवून कोरडी करतात आणि त्या थोड्या दिवसांच्या सवलतीत तिची नक्कल करून घेतात. ज्या यंत्रावर ती चालते ते यंत्रही आता दुर्मीळ. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातलं जुनं थोडंथोडं करून लोकांसाठी खुलं केलं आहे, त्यामुळे अंबाजोगाईच्या टीव्ही टॉवरकडे अँटेना वळवून बसणाऱ्या पिढीला ते चेहरे परत दिसायला लागले. शाहीर साबळे दिसतात, जांभूळ आख्यान रंगवणारे विठ्ठल उमप दिसतात. त्या चित्रणांचा कॅमेरा संथ आहे. आज कुणाला तो कंटाळवाणा वाटेल, पण तो सावकाश सरकत ढोलकीवाल्यापाशी जातो, तिथं थांबतो, मग तुणतुण्यापाशी, मग झीलकऱ्यांपाशी. प्रत्येकाला त्याचा वेळ देतो. आताच्या फोनवरच्या तुकड्यांत हे उरलेलं नाही. उभ्या चौकटीत एकच चेहरा मावतो, बाकीचे कापले जातात.

उमपांच्या जाण्याचाही टीव्हीशी संबंध आहे. २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर एका बौद्ध टीव्ही वाहिनीच्या उद्घाटनाचा कार्यक्रम होता. तिथं मंचावरच त्यांना मृत्यूने गाठलं. भीमगीत, कोळीगीत, कव्वाली, गोंधळ असं सगळं एका गळ्यात नांदवणारा हा माणूस अखेरपर्यंत लोकांसमोर उभा होता.

तिकडे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९६९ च्या उन्हाळ्यात माउंट मॉरिस पार्कात कित्येक रविवार मोठा संगीत महोत्सव झाला. हॅल टुल्चिन नावाच्या माणसाने तो टीव्हीसाठी चित्रित केला, सुमारे चाळीस तासांचं चित्रण. कुणी विकत घेईना. ते तळघरात पडून राहिलं आणि २०२१ मध्ये 'समर ऑफ सोल' या चित्रपटातून बाहेर आलं, पुढच्या वर्षी त्याला ऑस्कर मिळालं. त्यात महालिया जॅक्सन आहेत. त्यांना बरं नव्हतं, म्हणून त्यांनी तरुण मेव्हिस स्टेपल्सला सोबत घेतलं, आणि एकाच ध्वनिक्षेपकावर त्या दोघी किंगचं आवडतं भजन गातात. थॉमस डॉर्सी यांनी १९३२ मध्ये बायको आणि नवजात बाळ एकदम गमावल्यावर ते रचलं होतं. आधी मेव्हिस, मग महालिया, मग दोघी. म्हातारी गायिका धाकटीच्या हातात काय देते आहे ते बघायला शब्द कळावे लागत नाहीत.

त्या चित्रपटात मला सर्वांत जास्त भिडला तो त्या वेळी गर्दीत असलेला एक लहान मुलगा, आता प्रौढ झालेला. त्याला ते जुनं चित्रण दाखवतात आणि त्याचे डोळे भरून येतात. इतकी वर्षं त्याच्या आठवणीला कुठं पुरावाच नव्हता. असं काही घडलं होतं हे जगाला माहीत नव्हतं, त्यामुळे आपण ते मनातच रचलं की काय असं त्याला वाटायला लागलं होतं. नामांतराच्या काळात मराठवाड्याच्या गावागावांत जी गाणी झाली, रात्री वस्तीवर चिमणीच्या उजेडात जे जलसे झाले, त्यांना ऐकलेली माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव १४ जानेवारी १९९४ ला मिळालं, त्याआधीची सोळा वर्षं गाण्यांनी भरलेली होती. त्यांपैकी किती कॅमेऱ्यासमोर आलं? त्या माणसांना कुणी तळघरातून काढून काही दाखवणार नाही, कारण तळघरात काही नाही.

म्हणून जे आहे त्याचं मोल मला फार वाटतं, आणि आमच्या जिल्ह्यात जे आहे ते अव्वल आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचं काम पुण्याहून सुरू केलं. हजारावर गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९६ मध्ये त्यांचे सहकारी माजलगावच्या भीमनगरात पोचले. तिथं राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार, रंगूबाई पोटभरे या बायांनी बाबासाहेबांच्या ओव्या म्हटल्या. जात्याचा खुंटा धरून पिढ्यान् पिढ्या ज्या चालीत विठ्ठलाला, भावाला, माहेराला आळवलं, त्याच चालीत भीमराव. त्यात भक्ती आहे, माया आहे आणि आपण माणूस आहोत हे ठणकावून सांगणंही आहे. चर्चमधल्या गाण्याचं सोल झालं त्यावर अमेरिकेत इतिहासकारांनी ग्रंथ लिहिले. माजलगावात ते एका जात्याभोवती झालं.

पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेने २०१७ पासून या ओव्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्या ज्या रीतीने आणल्या त्या रीतीसाठी मी त्यांना मनापासून हात जोडते. प्रत्येक ओवीखाली गाणारणीचं नाव, गाव, वाडी, तालुका, वय, जात, मुलं किती, काम कोणतं आणि मुद्रणाची तारीख. दळणाऱ्या बाईची एवढी नोंद आपल्याकडे कुणी केली होती? संत जनाबाईंनी आपलं नाव अभंगात स्वतः गुंफलं म्हणून त्या उरल्या. त्यांच्यासारख्याच दळणाऱ्या हजारो जणींनी नाव घातलं नाही आणि त्या 'पारंपरिक' या एका शब्दात बुडाल्या.

नाममुद्रेवरून आठवलं. तुकोबा, नामदेव, चोखोबा सगळे शेवटच्या चरणात आपलं नाव ठेवून जातात. भीमगीतं लिहिणाऱ्या वामनदादा कर्डकांनीही तीच रीत उचलली, हजारो गीतांच्या शेवटच्या कडव्यात 'वामन' आहे. कवीने आपल्या नावाची सोय गाण्याच्या आतच करून ठेवली, म्हणजे गाणं कुठंही गेलं तरी नाव त्याच्याबरोबर जाईल. आता फोनवर तीस सेकंदांचा तुकडा फिरतो. त्यात धृपद असतं, फार तर पहिलं कडवं. शेवटचं कडवं कापलं जातं आणि त्याबरोबर वामनदादा कापले जातात. गाणं लाखो लोकांना पाठ आहे आणि ते कुणाचं हे विचारलं तर गाणाऱ्याचं नाव सांगतात. हे मला सहन होत नाही. म्हणून मी वामनदादांचं कुठलंही गीत पाठवते ते पूर्ण पाठवते, आणि पूर्ण नसेल तर पाठवत नाही.

तुकड्यांनी भलंही केलं आहे, ते नाकारून चालणार नाही. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात कुठल्या वाहिनीने पुढे आणल्या नाहीत. कुणीतरी फोनवर त्यांना टिपलं आणि ते या फोनवरून त्या फोनवर गेलं. आमच्याकडे दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या गाड्या भरून निघतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, तिकडे कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल डोक्यावर, आणि फडाच्या कडेला पाचटाची कोपी. पहाटे अंधारात तोडायला जायचं ते मोळ्या बांधून गाडी भरेपर्यंत पाठ टेकायची नाही. रात्री भाकरी झाल्यावर कोपीत फोन उघडतो. आमच्या शेजारची एक मुलगी दर हंगामात तिकडून मला निरोप धाडते, ताई, ते गिटारवाल्या मावशीचं परत पाठवा, पुसून गेलं. मावशी म्हणजे रोझेटा थार्प. कापूस वेचणाऱ्या घरातल्या, कापसाच्याच नावाच्या गावातून आलेल्या बाईला ऊस तोडणाऱ्या मुलीने मावशी म्हणावं, याचं मला भारी अप्रूप वाटतं.

हे नातं काही आज फोनने जोडलेलं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण करून. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं, अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची चौकशी करण्यासाठी. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव डोळ्यांसमोर ठेवून. आणि मराठवाड्याने तर या साहित्याचा कसून अभ्यास केला. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे अमेरिकेतून शिकून परत आले तेव्हा काळ्या लेखकांची पुस्तकं आणि प्रश्न घेऊन आले. लातूरच्या जनार्दन वाघमारे यांनी 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. आमच्या महाविद्यालयाच्या वाचनालयात तो होता, पुठ्ठा बांधलेला, कडांना बोटांनी काळा पडलेला. त्या पिढीने रिचर्ड राइट वाचला, लँग्स्टन ह्यूज वाचला, पण महालियांचा आवाज त्यांच्यातल्या किती जणांच्या कानांवर पडला असेल? मराठवाड्यात तेव्हा तो येणार तरी कुठून! पुस्तकातून कविता आली आणि तिची चाल तिकडेच राहिली. ती चाल आता आली आहे, ती कविता शिकवणारे बरेचसे गुरुजी गेल्यावर.

शिकागोत सिड ऑर्डोअर नावाच्या माणसाने १९६३ पासून 'ज्युबिली शोकेस' नावाचा गॉस्पेलचा कार्यक्रम टीव्हीवर वीस वर्षं चालवला, रविवारी सकाळी. त्याच्या फिती पुढे शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेल्या. टेक्ससच्या बेलर विद्यापीठात रॉबर्ट डार्डन यांनी गॉस्पेलच्या जुन्या तबकड्या वाचवायचं काम सुरू केलं, कारण वर्तमानपत्रात त्यांनी 'ही गाणी नाहीशी होत आहेत' असं लिहिलं आणि लोक मदतीला आले. बीडला आम्ही अशा संस्थेची वाट बघत बसू शकत नाही. आमच्याकडे आहेत ते लग्नाचं शूटिंग करणारे फोटो स्टुडिओ. नव्वदच्या दशकात त्यांनीच गावोगावचे सप्ताह व्हीएचएस कॅसेटवर घेतले, पुढे सीडीवर उतरवले. दूरदर्शनचा कॅमेरा खेड्यात क्वचित यायचा, स्टुडिओवाला दरवर्षी यायचा. आमचं टीव्ही-संग्रहालय ते आहे, बुरशी लागलेलं, दुकानाच्या माळ्यावर टाकलेलं.

आणि नावांचाही एक खजिना आहे, जो हार्लेमला नव्हता. सप्ताहाची पत्रिका. गुलाबी, पिवळ्या कागदावर छापलेली. रोजचे कीर्तनकार, त्यांचं गाव, गायनाचार्य, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार, काकडा भजन कुणाचं, हरिपाठ कुणाचा, पंगत कुणाची. सगळी नावं, गावासकट. मामांनी अशा पत्रिकांचा गठ्ठा ट्रंकेत ठेवलेला आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्या गावच्या सप्ताहाची एक जुनी सीडी संगणकावर चढवली आणि त्या वर्षीची पत्रिका शेजारी घेऊन बसलो. चेहरा थांबवायचा, पत्रिकेत बघायचं. मृदंगाचार्य लगेच सापडले. गायनाचार्य दोघे, एक धारूरचे, एक वडवणीचे. टाळकऱ्यांची नावं पत्रिकेत नसतात, पण मामा स्वतः त्या ओळीत उभे होते, त्यांनी डावीकडून एकेक सांगत नेलं. ज्यांचे फोन होते त्या सगळ्यांना ती चित्रफीत नावांसह पाठवली. जे वारले त्यांच्या मुलांना पाठवली.

धारूरच्या गायनाचार्यांचा त्याच रात्री मामांना फोन आला. नावं बरोबर आहेत म्हणाले, पण पेटी ऐकू यायलीय आणि पेटीवाला चित्रात कुठंच दिसंना, त्याचं नाव का टाकलं नाही. मामांनी पत्रिका परत उलगडली. पेटीचा उल्लेख नव्हता. मग दोघं फोनवर बराच वेळ बसले, त्या वर्षी पेटीला कोण होतं ते आठवत. एक म्हणत होते अंबाजोगाईचे मास्तर, दुसरे म्हणत होते, मास्तर त्या साली पंढरपुरात होते, ही पेटी त्यांच्या शिष्याची असणार, ऐका की, वरच्या पट्टीत गेला की तो बोट अंमळ उशिरा उचलतो. मामांनी मला तो भाग पुन्हा लावायला सांगितला.